सासरचा नंबर

बारामतीत भिगवण रोडला, औषधांच्या एका दुकानाच्या वर आमचं ऑफिस आहे. लग्नं जुळवणारी कंपनी. 'वधू-वर मंडळ' म्हटलेलं आमच्या मालकीणबाईंना चालत नाही. मंडळ गणपतीचं असतं, आपली रीतसर नोंदलेली कंपनी आहे, असं त्या येईल त्याला ऐकवतात. त्यांना सगळे काकी म्हणतात. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी हे काम सुरू केलं, तेव्हा सगळा कारभार जाडजूड रजिस्टरांत होता. एका वर्षी कपाटाला वाळवी लागली आणि दोन रजिस्टरं आतून पोखरली गेली. वरून पुठ्ठा शाबूत, आत माती. काकी अजून त्या रजिस्टरांबद्दल घरातलं माणूस गेल्यासारखं बोलतात.

मी पुण्यातली सॉफ्टवेअरची नोकरी सोडून बारामतीला परत आले, तेव्हा त्यांनी मला बोलावून घेतलं. त्यांची अट एकच होती. "काही म्हणजे काही हरवता कामा नये. माझ्या हातून नाही, तुझ्या हातून नाही, चोराच्या हातून नाही."

मी ती अट जरा जास्तच मनावर घेतली. सगळे बायोडाटे क्लाउडवर चढवले. म्हणजे एका मोठ्या कंपनीचे कुठले तरी दूरचे कॉम्प्युटर भाड्याने घेऊन त्यात ठेवले. कुणी माहिती बदलली तरी जुनी खोडली जात नसे. नवी वर येऊन बसे, जुनी खाली तशीच राही. वर आणखी शहाणपणा म्हणून त्या साठ्याला मी मुदतीचं कुलूप लावलं. एकदा आत गेलेलं पान पाच वर्षं कुणालाही पुसता येणार नाही. शाखेवरच्या माणसाला नाही, काकींना नाही, मला स्वतःलाही नाही. हे काकींना दाखवलं त्या दिवशी त्यांनी पेढे आणले. मी दोन खाल्ले.

मग माणसांच्या खाजगी माहितीबद्दलचा नवा कायदा आला. पुण्याचे एक वकील येऊन दोन तास समजावून गेले. माहिती ज्याची, मालक तो. त्याला सांगायचं की आमच्याकडे तुमचं हे हे आहे. त्याने मागितलं तर दाखवायचं. त्याने 'काढून टाका' म्हटलं तर काढायचं. काकींनी विचारलं, "म्हणजे इतकी वर्षं आपण काय चोऱ्या करत होतो?" वकील हसले. मला हसू आलं नाही. काढून टाका म्हटलं तर काढायचं, आणि मी तर काहीच काढता येणार नाही असं घर बांधून बसले होते.

मी मुळात काळजीखोर. घरी मला काळजीवाहू सरकार म्हणतात. त्या आठवड्यात जेवण जाईना. शेवटी वकिलांनी तोडगा सांगितला. पुसण्याचं नंतर बघू, आधी सगळ्यांना कळवून तर मोकळे व्हा. मग मी प्रत्येक नोंदीचं एक पान तयार केलं. त्या व्यक्तीचं आमच्याकडे जे जे आहे ते सगळं त्यावर, पहिल्या दिवसापासूनचं, काही न लपवता. नोंदीतल्या मोबाईलवर एक मेसेज जायचा, त्यातली लिंक दाबली की ते पान उघडायचं. दहा आकडी नंबर बरोबर आहेत का, मराठी अक्षरं नीट दिसतात का, सगळं मी तीन-तीनदा तपासलं. नंबर कुणाचा आहे, हे मात्र एकदाही तपासलं नाही.

खरं तर ते मला सुचायला हवं होतं. आमच्याकडे बायोडाटा मुलगी भरत नाही. वडील भरतात, नाहीतर मामा. जन्मवेळ, उंची, शिक्षण, शेती, आणि खाली 'संपर्क' म्हणून मामाचा मोबाईल. ज्या मुलीची ती माहिती, तिचा नंबर लिहायला मी जागाच ठेवली नव्हती. कुणी मागितलीच नव्हती.

एका मंगळवारी सकाळी अकरा वाजता काकींनी कॉम्प्युटरला उदबत्ती ओवाळली आणि मी बटण दाबलं. मेसेज गेले.

दुपारी दोनच्या सुमाराला ऑफिसचा फोन वाजला. एक मुलगी अगदी हळू आवाजात बोलत होती. मागे म्हैस ओरडत होती, म्हणजे गोठ्यातून बोलत असणार. "ताई, मी पणदऱ्याची. तुमच्या इंदापूरच्या तात्यांनी माझं जमवलं होतं, इंदापूरला दिलंय मला." आमच्यात मुलींची नावं मोठ्याने घेत नाहीत, माहेरच्या गावानेच ओळखतात. मी नोंद उघडली. लग्नाला दोन वर्षं झाली होती.

"तुमचा मेसेज आमच्या आईंच्या मोबाईलवर आलाय," ती म्हणाली. आई म्हणजे सासूबाई. "त्यांना वाचता येत न्हाय. तुमच्या कंपनीचं कळसाचं चित्र तेवढं ओळखलं त्यांनी. मला म्हणल्या, बघ गं काय धाडलंय. मी दाबलं, तर त्यात माझं पहिलं निघालं."

तिचं पहिलं म्हणजे काय, ते माझ्यासमोर उघडंच होतं. तीन वर्षांपूर्वीचा फोटो, वेगळ्या साडीतला, आणि खाली आमच्या इंदापूर शाखेच्या माणसाने टाकलेला शेरा: 'सुपारी फुटली. साखरपुडा झाला. मुलाकडच्यांनी मोडलं.'

"सासरी माहीत नाही?" मी विचारलं.

"न्हाय. दादांनी, म्हंजी माझ्या वडलांनी, सांगितलं न्हाय आन मला सांगू दिलं न्हाय. म्हणले, मोडलं त्यात आपली चूक नव्हती, मग उगीच कशाला सांगायचं. मी आईंना म्हणलं नेट चालत न्हाय, आन मोबाईल परत दिला. घाईत पुसायचं सुचलंच न्हाय. आता त्या बाजाराला गेल्यात, मोबाईल त्यांच्या पिशवीत हाय, मी शेजारणीच्या मोबाईलवरनं बोलतीय. दिवेलागणीला हे घरी आले की आईंचे सगळे मेसेज मोठ्यांदा वाचून दाखवतात. लाइटबिलाचा, गॅसचा, जो असेल तो. रोजचं हाय ते. ताई, तेवढ्याच्या आत तुमी ते बंद करा."

बंद करते, घाबरू नको, असं मी म्हणाले, आणि फोन ठेवून आधी इंदापूरला तात्यांना लावला.

तात्या म्हणजे आमची इंदापूर शाखा. शाखा म्हणजे तेच एकटे. जन्मभर एसटीत कंडक्टर होते, त्यामुळे बारामती ते भिगवण आणि भिगवण ते इंदापूर कुणाच्या घरी लग्नाचं कोण आहे हे त्यांना पाठ. माणूस सोन्यासारखा. मी विचारलं, "तात्या, पणदऱ्याच्या मुलीच्या नोंदीत मोबाईल नंबर कुणी बदलला?"

"मीच की," तात्या म्हणाले. "लगीन लागलं की म्या समद्याच पोरींचा बदलतो. पोरगी गेली सासरी, मग माहेरचा नंबर काय चाटायचाय? वाढदिवसाच्या शुभेच्छा सासूच्या मोबाईलवर जायला पायजेत. मान असतो त्यो."

लग्नाच्या वाढदिवसाला शुभेच्छा पाठवायची पद्धत काकींची. ती मीच आपोआप जाईल अशी करून दिली होती. तिचा मान राखायला तात्यांनी नंबर बदलले, आणि त्या नंबरांवर आज मी त्या मुलींचं सगळं कच्चं-पक्कं उलगडून पाठवलं होतं. करायला गेले गणपती अन् झाला मारुती. मी तात्यांना काय झालंय ते सांगितलं. मग ते म्हणाले, "शेरा बी माझाच हाय त्यो."

आता ते पान बंद करायचं. पुसता येत नव्हतं, कुलूप. शिवाय पान त्याच दिवशी सकाळी तयार होऊन साठ्यात गेलेलं, म्हणजे त्याची पाच वर्षं सकाळी अकराला सुरू झाली होती. राहिली लिंक. पण सगळ्या लिंका मी एकाच किल्लीने, म्हणजे एकाच गुप्त संकेताने, बनवल्या होत्या. वाड्यावस्त्यांवर कुणाला पासवर्ड विचारायचा, म्हणून सोपं केलं होतं. एकच लिंक बंद करायची सोय नव्हती. किल्ली बदलली की सगळ्याच मेल्या असत्या.

काकींना सांगितलं. त्या आधी चिडल्या. "सकाळी सगळ्या गावाला पाठवलंस आणि दुपारी बंद? लोक म्हणतील फसवणुकीची लिंक होती. वकिलांनी दिलेली मुदत आहे. एका मुलीसाठी?"

"एका नाही काकी. तात्यांनी लग्न लावून दिलेल्या सगळ्या."

काकींनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्यातल्या कितीतरी लग्नांत त्या स्वतः अक्षता टाकायला गेल्या होत्या. "मग माझं तोंड काय बघतेस?" त्या म्हणाल्या. "बंद कर."

साडेतीनला मी किल्ली बदलली. लगेच फोन सुरू झाले, तुमचं पान उघडत नाही म्हणून. काकी प्रत्येकाला शाळेतल्या आवाजात 'उद्या' म्हणून सांगत होत्या. मी त्या शेजारणीच्या नंबरवर पणदऱ्याच्या मुलीला फोन लावला आणि म्हणाले, झालं बंद. ती रडायलाच लागली. आणि तिचं रडणं ऐकत असताना मला आठवलं, आणि मी खुर्चीवरून उठून उभीच राहिले.

उजनी धरणाच्या पाण्याकाठच्या गावांत रेंज येते-जाते. म्हणून एकदा उघडलेलं पान दिवसभर त्या मोबाईलमध्येच राहील, नेट नसलं तरी दिसेल, असं मी करून ठेवलं होतं. पणदऱ्याच्या मुलीने ते आधीच एकदा उघडलं होतं. इकडे मी जगातली सगळी दारं लावली, तरी सासूबाईंच्या पिशवीतल्या त्या मोबाईलवर ते पान आज उघडणार होतं. आणि ते उघडलं की नाही हे मला इथून कळणारही नव्हतं.

तात्यांना फोनवर सांगून पाहिलं, कुठलं बटण, मग कुठलं. ते म्हणाले, "बाई, तुमीच या. मला तिकीट फाडाय सांगा, ह्ये न्हाय जमायचं." मी एसटी पकडली.

इतका लांब मला तो रस्ता कधीच वाटला नव्हता. गाडी हात दाखवेल तिथे थांबत होती. एक बाई तीन पोती चढवेपर्यंत कंडक्टर तिच्याशी लग्नाच्या गप्पा मारत उभा राहिला आणि मी मनातल्या मनात त्याला जे बोलले ते इथे लिहिता येणार नाही. निमगाव केतकीचे पानमळे आले तेव्हा ऊन कललं होतं. मी दर दोन मिनिटांनी मोबाईल बघत होते, काय दिसणार होतं कोण जाणे. डोक्यात एकच चालू होतं. त्या मुलीचं काही झालं तर ते माझ्या हातून झालं. तिच्या वडिलांनी लपवलं, तात्यांनी लिहिलं, हे सगळं खरं. पण तिच्या सासरी नेऊन पोचवलं मी. तेही कायदा पाळायला म्हणून.

इंदापूर स्टँडवर तात्या मोटरसायकल घेऊन उभेच होते. वस्ती गावाबाहेर दोन किलोमीटर. आम्ही पोचलो तेव्हा सासूबाई नुकत्याच बाजारातून येऊन ओट्यावर बसल्या होत्या, पिशवीतून मेथी काढत होत्या. मुलाची गाडी अजून आली नव्हती.

"अगं बया, तात्या! हिकडं कुठं वाट चुकला?"

"हिकडं आलतो, म्हणलं पाव्हण्यांची खुशाली बघून जावं," तात्या म्हणाले. माझ्याकडे बोट केलं. "ह्या आमच्या हापिसातल्या. कॉम्प्युटरच्या बाई."

मुलगी पाणी घेऊन बाहेर आली. फोटोतल्यापेक्षा लहान वाटत होती. तिने माझ्याकडे बघितलं नाही.

"बरं झालं आलासा," सासूबाई म्हणाल्या, आणि पिशवीत हात घालून त्यांनी आपण होऊन मोबाईल काढला. "तुमच्याच मंडळाचं कायतरी आलंय. सूनबाई म्हणली नेट न्हाय. बघा की जरा." आणि तो त्यांनी माझ्या हातात दिला. "फक्त फोटू जाऊ देऊ नका. लेकीचं हायती त्यात."

मी मेसेज पुसला. साठवलेलं पान शोधलं, तेही पुसलं. फार तर एक मिनिट लागलं असेल. त्या एक मिनिटभर त्या माझ्या हाताकडे विश्वासाने बघत बसल्या होत्या. "काही नाही मावशी," मी म्हणाले, "आमच्याकडून चुकून आला होता. काढून टाकला."

"मग ठीक हाय," त्या म्हणाल्या. "चुका व्हायच्याच."

मुलगा आला तेव्हा आमच्या हातात चहाच्या कपबशा होत्या. तो हातपाय धुऊन बसला, आईचा मोबाईल उचलला आणि मोठ्याने वाचायला लागला. लाइटबिल. गॅस. कुठल्या तरी बियाण्याची जाहिरात. संपलं. दारात उभ्या मुलीने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि आत गेली.

निघताना ती गेटपर्यंत आली. तात्या गाडी वळवत होते. तिने विचारलं, "ताई, आता ते कुठंच राहिलं न्हाय ना?"

'नाही' म्हणायला काय जात होतं? तिला झोप लागली असती, मलाही. पण दिवसभर त्याच सोप्या उत्तरांनी मला इथवर आणलं होतं. "आहे," मी म्हणाले. "आमच्या साठ्यात आहे. बाहेर कुणाला दिसणार नाही, पण मला ते पुसता येत नाही. तसं कुलूप मीच लावलंय."

"कुठवर?"

"पाच वर्षं."

तिने घराकडे बघितलं. ओट्यावर सासूबाई मेथी निवडत होत्या. "म्हंजी पाच वर्षं आईंचा मोबाईल वाजला की मी दचकायचं," ती म्हणाली, आणि आत गेली. तात्यांनी दोनदा हॉर्न वाजवला तेव्हा मी गाडीवर बसले.

त्यानंतर मी बरंच बदललं. नोंदीत मुलीच्या स्वतःच्या मोबाईलची जागा केली. आता प्रत्येकाची माहिती वेगळ्या किल्लीने बंद होते. कुणी काढा म्हटलं की ती किल्ली मोडायची, मग आतलं कुणालाच वाचता येत नाही. वकील म्हणाले, हे आधीच करायला हवं होतं. आधीच्या पानांची मुदत मात्र चालूच आहे. तात्यांच्या यादीतल्या बाकीच्या मुलींना मी रोज चार-पाच फोन करते. फोन सासरचे लोक उचलतात. सूनबाईंना देता का म्हटलं की विचारतात, "कोण बोलतंय? काय काम हाय?" काम सांगायचं म्हणजे तेच सांगायचं, जे सांगायचं नाही. मी राँग नंबर म्हणून ठेवून देते. त्यांच्यापैकी कुणाच्या घरी त्या मंगळवारी काय वाचलं गेलं, मला माहीत नाही. अजूनही दुपारी ऑफिसचा फोन वाजला की माझा हात लगेच पुढे होत नाही.

महिन्याभराने पणदऱ्याच्या मुलीचा फोन आला. या वेळी आवाज मोठा होता. "ताई, माझा स्वतःचा नंबर लिहून घ्या." मी लिहून घेतला. मग ती म्हणाली, "मी सांगितलं घरात. तुमी गेल्यावर चौथ्या दिवशी. आधी ह्यांना, मग आईंना. आई आठ दिस बोलल्या न्हाईत माझ्याशी. आता बोलतात. तुमी कशाला आलतात ते बी सांगावं लागलं. आईंना तुमच्याशी बोलायचंय."

मी काही म्हणायच्या आत सासूबाई फोनवर आल्या.

"बाई, पोरीचं म्या समजून घेतलं," त्या म्हणाल्या. "तिला भ्या होतं, संसार मोडंल म्हणून. पर मोबाईल माझा व्हता. माझ्या म्होरं बसून, माझा चहा पिऊन तुमी माझ्या मोबाईलमधलं पुसलं, आन मला खोटं बोलला. तुमाला कसलं भ्या होतं?"

कायद्याचे दोन तास, वकिलांचे कागद, सगळं माझ्यासमोर टेबलावर पडलेलं होतं. त्यांची वस्तू, त्यांची परवानगी. मी विचारलंच नव्हतं.

"माझ्या चुकीचं, मावशी," मी म्हणाले. "ती चूक उघडी पडेल याचं."

त्या म्हणाल्या, "या कवा इंदापूरला आलात तर. चहा मिळंल. मोबाईल न्हाय मिळायचा."